नाद, स्मृती आणि स्थळ : वा. रा. कांत यांच्या दोन भावगीतांचा अभ्यास

वामन रामराव कांत (१९१३–१९९१) हे नांदेडचे कवी. मराठी रसिकांना त्यांचे नाव आधी कानांनी कळले आणि मग डोळ्यांनी. ‘बगळ्यांची माळ’ आणि ‘त्या तरुतळी’ ही गीते ज्यांना पाठ आहेत अशा अनेकांनी त्यांचा एकही संग्रह हाती घेतलेला नसतो. परिणामी कांतांची भावगीते ही संगीतकार व गायक यांच्या खात्यावर जमा झाली आणि ‘रुद्रवीणा’ (१९४७), ‘वेलांटी’ (१९६२) यांसारखे संग्रह अभ्यासकांच्या वाट्याला आले. एकाच कवीच्या कर्तृत्वाची अशी वाटणी झाल्यामुळे एक महत्त्वाचा प्रश्न बाजूला पडला. एखादी आवडती निसर्गस्थळी मनातून पुसली जाऊ नये म्हणून कविता नादाचा उपयोग कसा करते, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात उपरोक्त दोन गीतांच्या आधारे त्याचा विचार केला आहे. ही दोन्ही गीते प्रेमगीते म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांतील स्थळ हे प्रेमाची निव्वळ पार्श्वभूमी नसून स्मृतीचा खरा आधार आहे, आणि तो आधार नादाने उभा केला आहे, असे प्रतिपादन येथे करावयाचे आहे.

१. परंपरेतील दोन प्रसंग

नाद आणि स्मृती यांचा संबंध भारतीय काव्यविचाराला नवा नाही. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत ‘स्मृती’चा समावेश आहे. मात्र या विषयाचे सर्वांत सूक्ष्म दर्शन शास्त्रग्रंथापेक्षा नाटकात घडते. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या प्रारंभी दुष्यंताला संगीतशाळेतून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. शापामुळे शकुंतलेची आठवण त्याच्या मनातून नाहीशी झालेली आहे. तरीही गाणे ऐकताच त्याला हुरहूर लागते आणि तिचे कारण त्याला सापडत नाही. रम्य दृश्ये पाहून व मधुर शब्द ऐकून सुखी माणूसही व्याकूळ होतो, कारण नकळत त्याला पूर्वजन्मीचे स्नेह आठवत असावेत, अशा आशयाचा श्लोक त्याच्या तोंडी येतो. अभिनवगुप्ताने रसचर्चेत या श्लोकाची दखल घेतली आहे. येथे नादाने स्मृती जागी केली, पण तिला स्थळ दिले नाही. मालिनीतीरावरचा आश्रम दुष्यंताच्या मनात हलतो, पण दिसत नाही.

सहाव्या अंकात याच्या उलट घडते. मुद्रिका सापडलेली आहे, स्मृती परतलेली आहे आणि राजाने शकुंतलेचे चित्र काढले आहे. हे चित्र त्याला अपुरे वाटते. त्यात अजून काय काढावयाचे राहिले, हे तो सांगतो : वाळवंटात हंसांची जोडपी बसलेली मालिनी, हरिणे विसावलेल्या हिमालयाच्या पायथ्याच्या टेकड्या, फांद्यांवर वल्कले वाळत असलेला वृक्ष. प्रिय व्यक्तीचे चित्र तिच्या स्थळावाचून पूर्ण होत नाही, हे कालिदासाने येथे स्पष्ट केले आहे. या चित्रात स्थळ आहे, पण नाद नाही. चित्रातल्या भुंग्याला राजा खरा समजून दटावू लागतो आणि हे चित्र आहे असे विदूषकाने म्हणताच तो भ्रम मोडतो.

नाद स्मृती जागवतो पण तिला आकार देत नाही. चित्र आकार देते पण त्यात जीव टिकत नाही. या दोन मर्यादांच्या मध्ये कांतांची भावगीते उभी आहेत. त्यांत चित्र आहे आणि त्या चित्राचा प्रत्येक भाग कानाला ऐकू येणारा आहे.

२. जात्याची साक्ष

या संदर्भात मराठीतील लोकपरंपराही ध्यानात घेतली पाहिजे. लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत, तसेच महाराष्ट्रात अन्यत्र, जात्यावरच्या ओवीत सासुरवाशिणीने माहेर आठवले. त्या माहेरात आईबाप व भाऊ असतात, तशीच नदी, पांदीची वाट, दारचे झाड आणि शिवार ही असतात. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने अशा लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या आहेत. जाते फिरू लागल्याखेरीज ओवी आठवत नाही, हा ओव्या गोळा करणाऱ्यांचा नेहमीचा अनुभव. दगडाची घरघर सुरू झाली की शब्द येतात आणि शब्दांमागून गाव येते. येथे नाद हा आशयाचा अलंकार नाही. तो आठवणीचे साधन आहे. कांतांच्या नागर, संस्कृतप्रचुर रचनेचे ओवीशी बाह्य साम्य काहीच नाही. पण आधी नाद आणि मग स्थळ हा क्रम दोन्हीकडे समान आहे.

३. कांतांची नादप्रवण वृत्ती

कांतांच्या काव्यसंग्रहांची नावेच बोलकी आहेत. ‘फटत्कार’, ‘रुद्रवीणा’, ‘वाजली विजेची टाळी’ ही तीनही नावे ध्वनीची आहेत. पहिल्यात आसुडाचा आवाज आहे, दुसऱ्यात वाद्याचा आणि तिसऱ्यात आकाशाचा. ज्या काळात ही कविता घडू लागली तो काळ हैदराबाद संस्थानाचा होता. राज्यकारभाराची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. मराठी ही घरात, बाजारात, भजनात आणि शेतात ऐकू येणारी भाषा होती. अशा परिस्थितीत वाढलेल्या कवीला आपली भाषा प्रथम कानाने भेटते, हे स्वाभाविक होय. पुढे नोकरीचा मोठा काळ त्यांनी नभोवाणीत काढला. आधी निजामाच्या राजवटीतील नभोवाणी आणि नंतर आकाशवाणी असा हा प्रवास असून नांदेडपासून निघालेली ही वाट मुंबईपर्यंत गेली. नभोवाणीत श्रोत्याला काहीच दिसत नाही. पाऊस दाखवावयाचा असेल तर तो ऐकवावा लागतो. कांतांच्या प्रतिमांत हे भान सर्वत्र जाणवते.

४. ‘बगळ्यांची माळ’ : कानाने मोजलेले स्थळ

या गीताला श्रीनिवास खळे यांनी चाल दिली आणि वसंतराव देशपांडे यांनी ते गायिले. ध्रुवपदात दोन गोष्टी आहेत : आकाशात अद्याप दिसणारी बगळ्यांची रांग आणि दूर गेलेल्या सखीला विचारलेला प्रश्न. ‘अजून’ हा साधा शब्द येथे निर्णायक ठरतो. निसर्गातील दृश्य तसेच आहे, बदल झाला आहे तो माणसांत. स्मृतीला लागणारा पुरावा निसर्ग पुरवतो, एवढे ध्रुवपदातच ठरून जाते.

पुढच्या कडव्यात कवी स्थळ उभे करतो. त्याची पद्धत विशेष आहे. प्रथम पानांवर पडणाऱ्या थेंबांचा नाद येतो. तो बीन छेडल्यासारखा आहे. त्यानंतर ओल्या रानावर उघडलेले ऊन येते. त्याला अभ्रकाची चमक आहे. शेवटी दूरच्या डोंगरात घुमणारा मेघ येतो. म्हणजे सर्वांत जवळचा ध्वनी पानावरचा, सर्वांत दूरचा डोंगरातला, आणि या दोहोंच्या मध्ये उजळलेले रान. या स्थळाची रुंदी कवीने डोळ्यांनी मोजलेली नाही. दोन ध्वनींमधील अंतराने मोजली आहे. अंधारात उभ्या असलेल्या माणसाला ज्या रीतीने परिसर कळतो, त्या रीतीने हे रान श्रोत्याला कळते.

या कडव्यातील शब्दांची निवडही तपासण्यासारखी आहे. ‘छेडणे’ ही क्रिया तंतुवाद्याची असल्याने येथील बीन ही गारुड्याची पुंगी नव्हे, वीणाच होय. हिंदुस्थानी संगीतात रुद्रवीणेलाच बीन म्हणतात. १९४७ साली ज्या वाद्याचे नाव कांतांनी आवेशपूर्ण सामाजिक कवितेच्या संग्रहाला दिले, तेच वाद्य या गीतात पानावर आले आणि त्याच्या तारा थेंबांनी छेडल्या. वाद्य एकच, वाजवणारा निराळा. कांतांच्या काव्यातील ‘क्रांतिगीत’ आणि ‘भावगीत’ हे दोन स्वतंत्र कप्पे नाहीत, याचे हे छोटेसे पण ठोस प्रमाण मानता येईल. तसेच ‘अभ्रक’ या शब्दात ‘अभ्र’ म्हणजे मेघ दडलेला आहे. पावसानंतरच्या उन्हाला अभ्रकाची उपमा देताना कवीने त्या उन्हात ढगाची आठवण ठेवली आहे.

यानंतरच्या कडव्यांत गाठीभेटींचे तपशील येतात : नारळीखालच्या गोष्टी, भर दिवसा सखीच्या डोळ्यांत फुललेली पौर्णिमा, हातात हात गुंफलेली सोनेरी संध्याकाळ, दोघांनी मिळून मोजलेले बगळे, तळ्यातील कमळासारखे मिटणारे दिवस. येथे नाद मंदावतो आणि दृश्य वरचढ होते. सुखाच्या क्षणी माणसे पाहतात. विरहात ती ऐकतात, असा एक क्रम रचनेतून सूचित होतो.

अखेरच्या कडव्यात माळ तुटते. माळ मण्यांची असती तर धागा तुटल्यावर मणी जमिनीवर विखुरले असते आणि ते वेचता आले असते. ही माळ पक्ष्यांची आहे. धागा तुटताच ती उडून जाते आणि मागे पंखांची फडफड तेवढी उरते. त्या फडफडीला कवीने बगळ्यांचा शुभ्र रंग दिला आहे. म्हणजे ध्रुवपदात जो रंग डोळ्यांना दिसत होता, तो अखेरीस ध्वनीचे विशेषण झाला. दृश्याचे नादात रूपांतर होणे ही या कवितेची खरी घटना होय. डोळ्यांपुढून गेलेले कानात राहिले.

५. वाचलेली कविता आणि ऐकलेले गीत

कवितेचा छापील पाठ आणि गायिलेला पाठ यांत एक भेद आहे व तो अर्थाच्या दृष्टीने दुर्लक्षणीय नाही. पानावर कविता तुटलेल्या माळेशी आणि बोचऱ्या प्रश्नाशी संपते. भावगीताच्या प्रघातानुसार मात्र प्रत्येक अंतऱ्यानंतर, आणि शेवटीही, गायक ध्रुवपदावर परततो. त्यामुळे वाचकासाठी माळ तुटून जाते. श्रोत्यासाठी ती तुटते आणि लगेच पुन्हा आकाशात फुलते. स्मृतीचे स्वरूप नेमके असेच आहे. नाहीसे झाल्याची जाणीव आणि ते समोर असल्याचा भास या दोन्ही गोष्टी तीत एकदमच असतात. ध्रुवपदाची पुनरावृत्ती हा संगीताचा संकेत असला तरी या गीतात तो कवितेचा अर्थ पूर्ण करतो. दुष्यंताच्या चित्राला जे साधले नाही, ते आवर्तनाने साधले आहे.

या गीताचा प्रवासही याच मुद्द्याची पुष्टी करतो. कवी नांदेडचा, संगीतकार बडोद्यात वाढलेला, गायक वऱ्हाडातील मूर्तिजापूरचा. कवीच्या मनातील तळे या तिघांनी मिळून पाहिले असण्याचा प्रश्नच नाही. तरीही त्या स्थळाची प्रतीती शब्दांतून सुरांत आणि सुरांतून लाखो श्रोत्यांत संक्रमित झाली.

६. ‘त्या तरुतळी’ : हरवलेला नाद, उरलेले झाड

यशवंत देव यांनी संगीत दिलेले आणि सुधीर फडके यांनी गायिलेले हे दुसरे गीत पहिल्याचे जणू उलटे रूप आहे. ‘बगळ्यांची माळ’मध्ये दृश्य जाते आणि ध्वनी उरतो. येथे गीत हरवले आहे आणि ते जेथे हरवले ती झाडाखालची जागा तेवढी आठवते. निवेदक तापलेल्या रखरखीत प्रदेशातून भटकत आहे आणि त्याला त्या गर्द, थंड सावलीची आठवण होत आहे. लवलेली फांदी, सावलीतले कवडसे, पानांची सळसळ आणि ती ऐकून वळून पाहणारी सखी असा तपशील येतो. अखेरीस ती झाडाखाली उभी राहून शिणलेली आहे आणि तो फिरून फिरून थकलेला आहे. एकाच गीताचे चरण दोन ठिकाणी विखुरले आहेत.

‘चरण’ या शब्दावरील श्लेष येथे महत्त्वाचा आहे. चरण म्हणजे कवितेची ओळ आणि चरण म्हणजे पाऊल. पावले दोन दिशांना गेली म्हणून ओळी विखुरल्या. गीत पुन्हा जुळावयाचे असेल तर माणसांना त्या झाडाखाली परत यावे लागेल. गीताचे पूर्णत्व स्थळावर अवलंबून आहे, हे इतक्या नेमकेपणाने सांगणारी रचना मराठी भावगीतांत विरळा. मराठवाड्याचा चैत्र-वैशाख ज्याने अनुभवला आहे, त्याला एका झाडाच्या सावलीचे मोल समजावून सांगावे लागत नाही. त्या सावलीला कांतांनी गीताच्या जन्मस्थानाचा मान दिला.

यात एक विरोधाभासही आहे. गीत हरवल्याची तक्रार करणारी ही कविता स्वतः गीत होऊन श्रोत्याला भेटते. निवेदकाला जे सापडत नाही, ते श्रोत्याच्या हाती असते.

७. नकाशावर नसलेले स्थळ

प्रादेशिक साहित्याच्या अभ्यासात कवितेतील स्थळ प्रत्यक्षात शोधण्याची प्रवृत्ती प्रबळ आहे. कवी नांदेडचा म्हटल्यावर हे तळे कोणते, हा डोंगर कोणता, हे रान गोदाकाठचे काय, असे प्रश्न विचारले जातात. कांतांची कविता अशा शोधाला साथ देत नाही. नांदेडची ओळख गोदावरी ही नदी. कवितेत आहे ते तळे. मराठवाड्याच्या कोरडवाहू शिवारातील ओळखीची झाडे म्हणजे लिंब, बाभूळ, चिंच, आंबा. कवितेत आहे ती नारळी. दुसऱ्या गीतातील झाडाला तर जातही दिलेली नाही. हे स्थळ अनेक ठिकाणांच्या आठवणी एकत्र येऊन घडलेले आहे, असेच म्हणावे लागते.

ना. धों. महानोर यांच्याशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. अजिंठ्याच्या परिसरातील पळसखेडच्या या कवीचा ‘रानातल्या कविता’ हा संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला. २०२३ साली निधन होईपर्यंत महानोरांचे नाते त्या मातीशी राहिले. त्यांचे रान वर्तमानकाळातले आहे. तेथे पेरणी आहे, पीक आहे, हंगाम आहे. महानोर रानात राहिलेले कवी, तर कांत रानापासून दूर गेलेले कवी. राहणाऱ्याला रानाचे नाव आणि हद्द ठाऊक असते. दूर गेलेल्याजवळ नाव उरत नाही, पानावरच्या थेंबांचा नाद उरतो. दोघांच्या कवितेतील हा भेद गुणवत्तेचा नसून स्थानाचा आहे. ज्या मराठवाड्यातून शिक्षणासाठी, नोकरीसाठी आणि दुष्काळात पोटासाठी माणसे सतत बाहेर पडत आली, त्या प्रदेशाला या दोन्ही प्रकारच्या कवितेची गरज होती.

स्थळाला नाव नसल्यामुळे प्रत्येक श्रोता तेथे आपले स्थळ ठेवू शकतो. कोकणातला श्रोता नारळीपाशी थांबतो, विदर्भातला तळ्यापाशी, नांदेडचा दूर घुमणाऱ्या मेघापाशी. गीत सर्वांचे झाले याचे हे एक प्रमुख कारण होय.

८. पाण्याची अट

तथापि या स्थळाला एक अट आहे व ती दुर्लक्षून चालणार नाही. बगळे दिवसा गुराढोरांमागे, नांगरामागे, पाणथळ जागी चरतात आणि संध्याकाळी थव्याने झाडांवर मुक्कामाला परततात. मावळतीच्या आकाशातील त्यांची रांग ही बहुधा जवळपास पाणी असल्याची खूण असते. कवितेतील माळ, कमळ, तळे, ओले रान आणि मेघ या सर्व प्रतिमा पाण्यावर उभ्या आहेत. सखी गेली तरी बगळे आकाशात अजून आहेत, हे ध्रुवपदाचे गृहीतक आहे. माणूस बदलला तरी निसर्ग साक्षीला राहील, असा तो विश्वास.

२०१६ च्या एप्रिल महिन्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीतून सुमारे ५ लाख लिटर पाणी आले. शहराची तहान भागविणारे मांजरा धरण तेव्हा कोरडे पडले होते. बालाघाटच्या डोंगरात उगम पावून लातूर जिल्ह्यातून वाहत जाणारी आणि पुढे नांदेडच्या सीमेवर गोदावरीस मिळणारी मांजरा ही या दोन जिल्ह्यांना जोडणारी नदी. अशा परिसरातील विद्यार्थ्यापुढे जेव्हा हे गीत येते, तेव्हा त्यातील ‘अजून’ हा शब्द पूर्वीसारखा निःशंक राहत नाही. साक्षीदारच नाहीसा होऊ शकतो, ही शक्यता कवीच्या मनात नव्हती. आजच्या वाचकाच्या मनात ती आहे.

यामुळे गीताचे मोल कमी होत नाही, वाढते. आजवर ते व्यक्तीच्या विरहाचे गीत म्हणून शिकविले गेले. त्यातील स्थळ अर्थनिर्णयाच्या कक्षेत आणले तर ते एका परिसराच्या श्रुतीची नोंद ठरते. ओल्या रानाचा, पानावरच्या थेंबांचा, दूरच्या डोंगरातील मेघाचा आवाज कसा असतो, हे ज्याने कधी ऐकलेले नाही त्यालाही ते ऐकविते. म्हणून वर्गात ही कविता वाचण्यापूर्वी ऐकविली जावी, आणि ऐकविल्यानंतर तिच्यातील ध्वनी एकेक करून वेगळे काढावेत. विद्यार्थ्यांनी आपल्या गावच्या तळ्याचे, ओढ्याचे, झाडाचे ध्वनी त्यांच्याशेजारी मांडावेत. त्यांतील कोणते अजून ऐकू येतात आणि कोणते आजोबा-आजींच्या बोलण्यात तेवढे उरले आहेत, हे त्यातून आपोआप कळेल.

सारांश, कांतांच्या या दोन भावगीतांत नाद हा स्मृतीचा उद्दीपक आहे आणि तिचा आकारही आहे. एका गीतात दृश्य विरून ध्वनी मागे राहतो, दुसऱ्यात ध्वनी हरवून झाड मागे राहते. दोहोंच्या मुळाशी एकच जाण आहे : माणसांच्या गाठीभेटी ज्या जागेने पाहिल्या, ती जागा हाच त्या भेटींचा अखेरचा पुरावा. हा पुरावा सुरांत जपला गेला आहे. तो भूमीवरही राहावा, ही जबाबदारी कवीची नव्हे. गीत ऐकणाऱ्यांची आहे.